मंगळवारपर्यंत दोनातो

गुड फ्रायडेच्या सकाळी दोनातो म्हातारा अर्धी कॉफी तशीच टाकून गेला. त्याची लेक एर्सिलिया आधी मटकन खाली बसली. मग तिच्या तोंडून निघालं, "बाबा, आजच?"

ईस्टरचं जेवण दरवर्षी तिच्याकडेच असायचं. चौदा माणसं यायची होती, कोकरू सांगून ठेवलेलं होतं. डोळे पुसत ती फादर एजिदियोंकडे गेली.

"आज, उद्या, परवा अंत्यविधीची मिस्सा होत नाही," फादर म्हणाले.

"मग सोमवारी?"

"मला चालेल. पण सोमवारी सगळं गाव रानात जेवायला जातं. कबर खोदणारा घरी सापडला तर मला सांग."

"निदान घंटा वाजवा. गावाला कळू दे."

"येशूच्या शोकात घंटा कालपासून बांधलेल्या आहेत. आता शनिवारी रात्रीच सुटतील." फादरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मंगळवारी करू, पोरी. दोनातोला आता कसली घाई?"

शवपेटीवाल्यानं दोनातोला काळा सूट चढवला, पलंगावर नीट निजवलं आणि बजावलं, "खिडक्या सताड उघड्या ठेवा. शेगडी नाही, भट्टी नाही. घर तापता कामा नये." भट्टी भिंतीपलीकडेच होती, म्हणून कोकरू शेजारच्या लुचेत्ताकडे भाजायला गेलं. एर्सिलियानं पाहुण्यांना एकेक करून फोन केला. प्रत्येक जण फोनवर रडला आणि शेवटी म्हणाला, "येतोच आम्ही. नाहीतरी निघणारच होतो." चौदाचे एकवीस झाले.

राहता राहिला रोक्को, दोनातोचा धाकटा भाऊ. मिरवणुकीत मरियेच्या मूर्तीला पुढून उजवा खांदा कुणी द्यायचा, यावरून एकोणीस वर्षांपूर्वी दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून दोघे ईस्टरला एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत आणि मीठसुद्धा एर्सिलियामार्फत मागत. रोक्को वरच्या मळ्यावर एकटाच राहायचा. त्याच्याकडे फोन नव्हता; रविवारी जेवायला आला, की कळणार होतं.

रविवारी तो अंड्यांची टोपली घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा सगळे पाहुणे ओव्हरकोट घालून, कुडकुडत टेबलाशी बसले होते. डोंगरावरचा वारा घरातून आरपार वाहत होता.

"हे काय? शेगडी का नाही पेटवली?"

"काका, बाबा गेले. शुक्रवारी सकाळी."

रोक्कोनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "आधी मी बोलावं म्हणून केलेलं सोंग आहे हे. त्याला म्हणावं, ऊठ. कोकरू गार होतंय."

तो तरातरा आतल्या खोलीत गेला. बाहेर कुणी काटा उचलेना. बराच वेळ झाला, तरी तो बाहेर येईना. शेवटी एर्सिलियानं दारातून डोकावलं. रोक्को खुर्ची ओढून पलंगाशी बसला होता, टोपी हातात घेऊन.

"गाढवा," तो भावाला सांगत होता, "माझं म्हणणं एवढंच होतं, की तुझा गुडघा दुखायचा. उजवीकडे उतार होता. पडला असतास. पण तू ऐकशील तर ना!"

एर्सिलियानं त्याचं ताट आत नेऊन दिलं. तो जेवला आणि बोलतच राहिला. पाहुणे गेले. सोमवारी गाव रानात गेलं, तरी आतून त्याचा आवाज येत होता. बायकोचं आजारपण, मेलेली खेचरं, विकलेला उतारावरचा तुकडा, मुलगी परदेशी गेली तो दिवस. मधेच तो भांडायचा, मधेच नाक शिंकरायचा. एर्सिलिया सूप ठेवून जाई. बाबांशी इतकं तर ती स्वतःही कधी बोलली नव्हती. ती दाराबाहेर उभी राहून ऐकायची आणि रडायची.

मंगळवारी सकाळी शवपेटीवाला दोन माणसं घेऊन आला. चर्चची घंटा वाजू लागली होती. फादर तिथं वाट पाहत होते. दोनातोला पेटीत ठेवून तिघांनी झाकणाला हात घातला, तसा रोक्को ताडकन उठून आडवा आला. आवाज बसला होता, दाढी वाढलेली होती.

"हात लावू नका!"

"काका, उशीर होतोय," एर्सिलिया हळूच म्हणाली.

"होऊ दे. एकोणीसपैकी मी आत्ता कुठे अकराव्या वर्षापर्यंत आलोय."

शवपेटीवाल्यानं एर्सिलियाकडे पाहिलं. एर्सिलियानं बापाकडे पाहिलं. मग तिनं शवपेटीवाल्याला विचारलं, "कॉफीत साखर किती घालू?"