दिवसाची पाल

उत्तराबाई सकाळी आठ वाजता जिन्याखाली मीटरच्या पेटीसमोर स्टूल टाकून बसल्या आणि बोरीवलीच्या त्या सोसायटीचं रंगकाम थांबलं. पेटीमागे भिंतीला पालीची दोन अंडी चिकटली होती. ती फुटायला पंधरा दिवस होते, आणि रंगारी धोंडू भिंत खरवडायला पत्रा घेऊन आत्ताच उभा होता.

"बाई, उठा," सेक्रेटरी नंदकिशोर सामंत म्हणाले. "पालीसाठी कोणी रंग थांबवतं का?"

"ही घरातली पाल नव्हे, मागच्या जंगलातली आहे. दिवसा फिरते, रात्री झोपते. डोळ्यातली बाहुली आपल्यासारखी गोल. चुकचुकतसुद्धा नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, सामंत."

"पाल म्हणजे पाल. खरवड रे धोंडू."

"आधी मला खरवडा," म्हणत उत्तराबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं. अशा बाईला हलवायला नुसतं सेक्रेटरीपद पुरत नाही.

सामंतांनी धोंडूच्या हातातला पत्रा हिसकावला आणि स्वतःच पेटीमागे हात घातला. अंड्यांची मालकीण तिथेच होती. ती दचकली, उडी मारून थेट त्यांच्या खांद्यावर पडली आणि तिथून पसार झाली.

समोरच्या दारातून त्यांच्या मातोश्री जानकीबाईंनी सगळं पाहिलं.

"अंगार पाल पडली मां? आता आंघोळ केल्याशिवाय घरात पाय टाकू नको."

आणि पाणी तर सातलाच बंद झालेलं. हा नियम सामंतांचाच. लग्नघरासाठीसुद्धा त्यांनी तो कधी मोडला नव्हता. टाकीची किल्ली त्यांच्या खिशात होती, पण जिन्यात सगळी बिऱ्हाडं जमली होती. ऑफिसची बॅग आणि डबा घरात अडकले होते.

"बाई," सामंतांचा आवाज एकदम खाली आला, "ही पाल वेगळी, असं मघाशी म्हणालात ना? तेवढं जरा आईला सांगा."

"सांगते. आधी तुम्ही धोंडूला सांगा."

"धोंडू, पंधरा दिवस ही भिंत सोड. दुसरा मजला घे."

धोंडू बादली घेऊन वर गेला. मग दिल्या शब्दाला जागून उत्तराबाईंनी जानकीबाईंना सगळं समजावलं: गोल बाहुली, दिवसाचं फिरणं, न चुकचुकणं, जंगलातलं घर. जानकीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ही रानातली," त्या मुलाकडे वळून म्हणाल्या. "मगे दोनदा आंघोळ करूक व्हयी."