घरपोच टायर

खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर ट्रॅक्टरचे दोन टायर येऊन पडले, तेव्हा अरुणाने नवऱ्याला एवढंच विचारलं, की ट्रॅक्टरही लिफ्टनेच येणार आहे का.

नंदकुमार वेष्टणावरचा पत्ता वाचू लागला. साताऱ्याकडे शेती करणारे त्याचे थोरले भाऊ ज्योतिबा आपल्या छोट्या ट्रॅक्टरचे झिजलेले टायर बदलायला निघाले होते, आणि त्यानेच त्यांना फोनवर अडवलं होतं. दुकानदार काहीही गळ्यात मारतात, मी ऑनलाइन मागवतो, थेट गोठ्यापुढे येतील, असं त्याने ऐटीत सांगितलं. टायरच्या मापाचा आकडा बरोबर घातला. पत्ता मात्र ॲपने नेहमीचाच धरला आणि त्याने तो न वाचताच बटण दाबलं. ऑफिसात दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढण्याचाच त्याला पगार मिळत असे.

पत्त्याचं निभावलं असतं. दादा शेतातलं आलं विकायला गाडी घेऊन वाशी मार्केटला येणारच होते, परतताना टायर नेले असते. खरी पंचाईत त्याला वेष्टण टराटरा फाडून झाल्यावर कळली. चिखलात रुतणारे जाड दाते कुठे दिसेनात. होती ती बिस्किटावर असते तशी नाजूक नक्षी. मग त्याने ॲपवरचं वर्णन प्रथमच शेवटपर्यंत वाचलं. टायर बंगल्याच्या हिरवळीसाठी होते, गवताला जराही इजा न करणारे. दादांच्या वावरात तर इजा करणं हेच ट्रॅक्टरचं काम होतं.

वेष्टण फाटलेला माल परत घेत नाही, असं कंपनीने कळवलं. टायर बाल्कनीत उभे राहिले, त्यांच्यावर टॉवेल वाळू लागले, आणि नंदकुमार मनातल्या मनात कबुलीचं भाषण घोकू लागला.

दादा आले. चहा झाला. बाल्कनीकडे नजर गेली तसे तेही अवघडले.

"दादा, टायरचं जरा बोलायचं होतं."

"मलाबी. ते मी न्यायचो न्हाई, नंद्या. तू फोन ठेवलास आन् मी दुकानात जाऊन बसवून आलो. रान थांबतंय व्हय?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू लई खुशीत हुतास." दादांनी मान खाली घातली. "आन् गावात सांगितलंय, धाकट्यानं मुंबईवरनं धाडलं म्हणून. आता आनखी दोन कसं नेऊ?"

नंदकुमारच्या छातीवरचा दगड उतरला. घोकलेलं भाषण त्याने गिळलं, आणि झालं ते झालं, मनाला लावून घेऊ नका, असं मोठ्या मनाने सांगून भावाला क्षमा केली. स्वयंपाकघरात अरुणाला ठसका लागला.

आठवड्याभरात गावाकडून दादांच्या शेजारच्या वावरातल्या नामदेवचा फोन आला. दादांच्या टायरची चिखलातली पकड त्याने पाहिली होती आणि अगदी तसलेच त्याला मागवून हवे होते. यावेळी नंदकुमार प्रामाणिकपणे वागला. ऑनलाइनच्या भानगडीत पडू नका, तिकडेच दुकानात बघून घ्या, असं त्याने परोपरीने समजावलं.



"ऱ्हाऊ द्या," नामदेव म्हणाला. "तुमचं धाडणं भावापुरतंच हाय म्हणायचं."