पोटाला बदली माणूस

शहापुरात केवळरामइतका सावध माणूस दुसरा नाही, असं खुद्द केवळरामचं मत होतं. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या हसण्यापर्यंत त्याला सगळ्यात काळंबेरं दिसे. बायकोनं, जनाबाईनं, भंडाऱ्याच्या एका दवाखान्यातल्या पोट-तपासणीत त्याचं नाव परस्पर घातलं, तेव्हाच त्यानं ताडलं. डाव आपल्या भातावर आहे!

*कागद*

बारा तास उपाशी. पोटाचा स्कॅन, कारण खरी चरबी कातडीखाली नसते, आत आतड्यांभोवती दडते. मग रक्त. मग एक सुई. मग पुन्हा रक्त.

*संशय*

पुन्हा काहून? त्यानं फोन करून नर्सला विचारलं. ती म्हणाली, चरबी फोडणारे एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. सुई दिली की सुटून रक्तात येतात, तेव्हा मोजता येतात.

केवळरामनं फोन ठेवला. भिंतीला चिकटलेलं बाहेर काढतात, म्हणजे ही तर पोलीस चौकशी! भात दिवसातून एकदाच खाईन असं जनाबाईला वचन देऊन तो वावरात लपून दुसऱ्यांदा जेवत होता. ते सगळं कबूल होणार.

*तोड*

धानकापणीला बपेऱ्याहून जनाबाईचा धाकटा भाऊ डोमा आला होता. तणसाच्या काडीसारखा. माझ्या नावानं जा, झोप, रक्त दे, केवळरामनं समजावलं. डोमानं भाऊजींना एवढंच विचारलं, "भाटवे, मंग नाश्ता भेटते का?"

डोमा दवाखान्यात गेला. केवळराम दिवसभर धानात बसून राहिला.

*रिपोर्ट (रक्त डोमाचं, नाव केवळरामचं)*

आतली चरबी भरपूर. यकृताचं एन्झाइम चढलेलं. रक्तातली चरबी स्नायूंकडे पोचवणारं उतरलेलं. भात कमी, तूप बंद, महिन्यानं पुन्हा या.

केवळराम हादरला. काडीच्या पोटात एवढी चरबी!

जनाबाई हादरली नाही. तिनं नवऱ्याच्या ताटातला भात उचलून भावाच्या ताटात लोटला, वर तूप ओतलं. पोरगा वाळून चालला, म्हणाली.

*चार दिवस*

पहिले दोन दिवस केवळरामला भाताचं वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी डोमाचं वाटायला लागलं. चौथ्या दिवशी डोमानं तुपाची वाटी तिसऱ्यांदा पुढं केली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"जना, तो रिपोर्ट याचा आहे. माह्या नावानं हाच गेला होता. याले तूप देऊ नको."

"भातासाठी माह्या भावाले बीमार पाडता?" तिनं डोमाकडे पाहिलं. "काहून रे, तू गेला होता?"

डोमानं तुपाकडे पाहिलं.

"मी तं धानात होतो, बाई."

आता डोमाचा जीव वाचवायला एकच उपाय उरला होता. केवळरामनं त्याचं ताट ओढलं आणि सगळा तूप-भात स्वतः संपवला.

दुसऱ्या दिवशी जनाबाईनं दोघांनाही दवाखान्यात उभं केलं. नर्सनं कागद पाहिला, डोमाकडे बोट केलं. "केवळराम, तुमी महिना भरायच्या आधीच आले? आन् हे पोटवाले कोण?"

तेव्हापासून त्या घरात भात एकाच ताटात पडतो, जनाबाईच्या. डोमा आणि केवळराम समोर ज्वारीची भाकर मोडत बसतात. जनाबाईचं पोट अजून कोणी तपासलंच नाही, ही गोष्ट केवळरामच्या केव्हाच ध्यानात आली आहे.

तो बोलत नाही, एवढंच.