संगणक सुरू होतानाच्या यादीतील क्रमवारीबाबत

कोणत्याही यादीत कुणीतरी पहिलं असावंच लागतं. ही निसर्गाची व्यवस्था असून तिच्यात कुणाचाही वैयक्तिक दोष नसतो. आमच्या घरच्या यादीत पहिला मी होतो. ती यादी मीच केली होती, हा निव्वळ योगायोग.

खुलासा असा की, आमच्या घरी संगणक एकच आहे, पण त्याच्या पोटात दोन सिस्टिम नांदतात. एक जुनी, दुकानातून संगणकाबरोबरच आलेली. माझी बायको शाळेत भूगोल शिकवते आणि तिची सगळी कामं या जुन्या सिस्टिममध्ये चालतात. दुसरी मोफत, मुक्त आणि तत्त्वनिष्ठ. ती मी आठ महिन्यांपूर्वी शेजारी आणून बसवली. माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतंत्र व्हावं असं मला फार दिवस वाटत होतं, आणि त्या रविवारी दुसरं काही काम नव्हतं.

संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर चार ओळींची यादी येते आणि दहा सेकंद थांबते. तेवढ्यात खालच्या बाणाचं बटण तीनदा दाबून एंटर केलं, तर बायकोची सिस्टिम उघडते. कुणी काहीच केलं नाही तर माझी उघडते. म्हणजे काहीही न करता माझं काम होतं. (हे मला विशेष वाटलं नाही. घरातली माझी बरीचशी कामं याच पद्धतीने होतात.)

दहा सेकंद अपुरे पडतात असा एक प्रवाद घरात होता. मी तो हसण्यावारी न नेता रीतसर पाहणी केली. बायको सकाळी सव्वासहाला संगणकाचं बटण दाबते, स्वयंपाकघरात जाते, उतू जाणारं दूध उतरवते आणि परत येते. याला बारा सेकंद लागतात. सबब, दोष दुधाचा आहे. दोन सेकंदांचा उशीर झाला की माझी सिस्टिम उघडू लागते, ती पूर्ण उघडेपर्यंत वाट पाहायची, मग ती बंद करायची, मग पुन्हा चालू करून बाण दाबायचे. या सगळ्याला चार मिनिटं. आठ महिन्यांत असं एकसष्ट वेळा झालं. एकूण चार तास चार मिनिटं. संसारात एवढं चालायचंच, असा शेरा मारून मी पाहणी बंद केली.

पूर्णत्वासाठी वापराचे आकडेही देतो. आठवड्याला बायको एकोणीस तास, मुलगी सहा तास (तीसुद्धा आईच्याच सिस्टिममध्ये; मुलांवर तत्त्वांचे संस्कार होत नाहीत ते असे), आणि मी चाळीस मिनिटं. त्यातली पस्तीस माझी सिस्टिम अद्ययावत करण्यात जातात. उरलेल्या पाच मिनिटांत मी स्वातंत्र्य उपभोगतो.

तर अशी सुरळीत व्यवस्था असताना बायकोला एका मोठ्या शाळेतून मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी बोलावणं आलं. मुलाखत संगणकावरूनच, गुरुवारी अकरा वाजता. एकवीस वर्षं ती शिकवते आहे आणि या जागेची वाट तिने निदान दहा वर्षं पाहिली होती. शाळा कशी चालवीन याची बावीस चित्रं आणि तक्ते तिने महिनाभर खपून तयार केले. मग एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "अहो, तेवढ्यापुरती तरी माझी सिस्टिम पहिली ठेवा ना. त्या दिवशी बाण दाबायला माझे हात थाऱ्यावर नसतील."

"मी देते बदलून," मुलगी म्हणाली.

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. "नाजूक काम आहे ते."

इथे माझ्या व्यवसायाचा उल्लेख आवश्यक आहे. मी एका कार्यालयात परिपत्रकं लिहितो. मागणी ऐकल्याबरोबर मान्य केली तर मागणाऱ्याला तिची किंमत राहत नाही, हे आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात. म्हणून मी बायकोकडे लेखी मागितलं. तिने एका तपासलेल्या उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे लिहून दिलं: माझी सिस्टिम पहिली करा. मी दोन त्रुटी काढल्या. एक, 'पहिली' म्हणजे क्रमाने वर, की आपोआप उघडणारी, याचा बोध होत नाही. दोन, अर्जावर दिनांक नाही. तिने दोन्हींची पूर्तता केली. उत्तरपत्रिकेवर आधी कुणाला तरी दिलेले सदतीस गुण होते, ते माझ्या कारभाराला आहेत असं मुलीचं म्हणणं पडलं. त्यानंतर अकरा दिवस अर्ज विचाराधीन होता.

बुधवारी संध्याकाळी मी कार्यवाहीला बसलो. कार्यवाही म्हणजे एका फाइलमध्ये दोन आकडे बदलायचे. कोणती ओळ आपोआप उघडावी, हा पहिला. किती सेकंद थांबावं, हा दुसरा. यात एक मेख आहे. या क्षेत्रातली हुशार माणसं शून्यापासून मोजतात, त्यामुळे चौथी ओळ ही तीन नंबरची असते. (हे मी मुलीला चार वेळा, म्हणजे हुशार माणसांच्या हिशेबाने तीन नंबरपर्यंत, समजावून सांगितलेलं आहे.) अर्ज आला त्याच दिवशी मी एका कागदावर तशी यादी उतरवून ठेवली होती. शून्य: माझी. एक: माझीच, पण प्रगत पर्यायांसह, जी आजतागायत कुणी उघडलेली नाही. दोन: संगणकाच्या स्मरणशक्तीची तपासणी. तीन: बायकोची.

कागद समोर घेतला. बायको, तीन. मग आठवलं की शून्यापासून मोजायचं असतं, म्हणजे एक वजा करायला हवा. केला. मी दोन लिहिलं. एकदा घेतलेली काळजी पुन्हा एकदा घेतली, एवढाच माझा गुन्हा. आमच्या कार्यालयात एका कागदावर सात सह्या लागतात त्या याच भावनेतून.

मग मला बायकोची दया आली. उद्या तिचा महत्त्वाचा दिवस, तिने दहा सेकंद तरी का ताटकळावं? थांबण्याचा आकडा मी शून्य केला. आता यादी दिसणारच नव्हती. थेट काम. आपल्या औदार्याने मीच थोडा हेलावलो.

"बाबा, एकदा बंद करून चालू करून बघा," मुलगी म्हणाली.

मी तिला समजावलं की आदेश निघाला की तो लागू झाला असं समजण्यात येतं. जाऊन बघण्याची पद्धत नाही.

गुरुवारी दहा चाळीसला बायको इस्त्रीचे कपडे घालून, चष्मा पुसून संगणकापुढे बसली आणि तिने बटण दाबलं. यादी आली नाही. निळा पडदा आला, त्यावर आकड्यांचे रकाने धावू लागले आणि वर लिहून आलं: स्मरणशक्तीची तपासणी, एक टक्का.

"हे काय?"

"तपासणी आहे. होईल आत्ता," मी म्हणालो.

तीन मिनिटांनी दोन टक्के झाले. मी संगणक बंद करून चालू केला. तपासणी पहिल्यापासून सुरू झाली. असं चार वेळा केलं. थांबायचं शून्य सेकंद आणि उघडायची दोन नंबरची ओळ, हा माझा आदेश यंत्र तंतोतंत पाळत होतं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एखाद्या आदेशाची इतकी चोख अंमलबजावणी मी प्रथमच पाहत होतो.

दहा त्रेपन्न झाले. "माझी बावीस चित्रं आहेत हो त्यात," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते चष्म्याआड राहावं म्हणून ती मान वर करून बसली होती.

मुलीने स्वतःचा फोन आणला, आतल्या खोलीत टेबलावर पिठाचा डबा ठेवून त्याला टेकवला आणि आईला समोर बसवलं. बाहेर येताना मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आता कशालाही हात लावू नका." मी लावला नाही. तपासणीसमोर बसून राहिलो. दार पातळ असल्याने आतलं सगळं ऐकू येत होतं.

कुणीतरी विचारलं, "शाळेत आल्यावर पहिला बदल कोणता कराल?"

याचं उत्तर तिच्या सातव्या चित्रात होतं. ती म्हणाली, "आधी काही बदलणार नाही. जे रोज चाललंय त्याचा त्रास कुणाला होतो, ते विचारीन. आमच्या घरी एक व्यवस्था आहे. तिच्यापायी आठ महिने मी रोज सकाळी एक बटण तीनदा दाबते. ज्यांनी ती लावली ते वाईट नाहीत हो. त्यांना दाबावं लागत नाही, एवढंच."

मला लाज वाटली. हे वाक्य परिपत्रकाच्या कोणत्या नमुन्यात बसतं ते मी नंतर पाहिलं. बसत नाही.

दुपारी तपासणी पूर्ण झाली. यंत्राच्या स्मरणशक्तीत एकही दोष आढळला नाही. मग मोकळ्या झालेल्या फोनवर उपाय शोधून मुलीने चालू करताना कुठलंसं एक बटण दाबून धरलं, लपलेली यादी बाहेर काढली आणि दोनाचे तीन, शून्याचे दहा केले. आकडे बदलायला पाऊण मिनिट लागलं. सोमवारी पत्र आलं. बायको आता मुख्याध्यापिका आहे आणि तिची सिस्टिम आपोआप उघडते. माझी उघडायला मला वरचा बाण तीनदा दाबावा लागतो. पहिल्याच आठवड्यात मी दोनदा चुकलो. दहा सेकंद खरोखरच अपुरे आहेत असं माझं ठाम मत झालं असून ते मी घरात लेखी कळवलं आहे.

वाचकहो, तुम्ही एवढा वेळ मला हसत होता, ते योग्यच आहे. तुमच्या घरी असला दुहेरी संगणक नसेलही. तरी सवडीने एक लहानशी पाहणी करा: आपल्या घरात रोज तीनदा बटण दाबणारं माणूस कोण, ते शोधा. नीट शोधा. घरभर शोधूनही असं कुणी सापडलं नाही, तर पहिल्या ओळीत तुम्ही आहात.