अध्यक्ष आडवे झाले की मंजूर

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष फेरेट आहेत. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबुळका, मांसाहारी प्राणी. तिसऱ्या मजल्यावरच्या वत्सलाबाई हर्डीकरांनी पाळलेला. निवडणुकीला दुसरं कुणी उभं राहिलं नाही. घरात नाव गुंड्या, खुर्चीवर बसल्यापासून गुंडोपंत.

कामकाज सोपं होतं. ठराव वाचायचा; अध्यक्ष आडवे झाले तर मंजूर, ताठ बसले तर नामंजूर. वर्षभर ते दर सभेत आडवे होत आले. माणूस समजूतदार आहे, असं आम्ही म्हणायचो आणि दर मंजुरीला त्यांना पेढा भरवायचो. पेढ्याने ते जरा उठत आणि तासाभरात पुन्हा कोसळत, म्हणजे पुढचे दोन ठरावही मार्गी लागत.

मग त्यांची लाळ गळू लागली, मागचे पाय लुळे पडू लागले. जनावरांच्या डॉक्टर शिदोरेबाईंनी रक्त तपासलं.

"याला इन्सुलिनोमा आहे. स्वादुपिंडात गाठी होतात, इन्सुलिन जास्त सुटतं आणि रक्तातली साखर घसरते, म्हणून पडतो. गोड दिलंत की इन्सुलिन आणखी उसळतं. पेढे बंद. पडलाच तर हिरड्यांना जरासा मध चोळायचा आणि लगेच मांस द्यायचं. रोज औषध आणि दर चार तासांनी मांस. हयगय केलीत तर जाईल हा."

आवारात मांसाला बंदी आहे. आजवर अध्यक्ष दूध-पोळीवर होते, आणि आम्हाला त्याचा अभिमान होता.

"सवलत देऊ," सेक्रेटरी वर्तक म्हणाले. "पण ठराव हवा. मुदत एक महिना."

"त्याला आत्ता भूक लागलीय हो," वत्सलाबाई म्हणाल्या.

"खाल्लं की ताठ बसतील. मग नामंजूर. बघा बुवा."

बाई खिम्याचा डबा मांडीवर घट्ट धरून थांबल्या. गुंडोपंत डबा हुंगत राहिले. तासाभराने लटपटले आणि आडवे झाले. मंजूर. बाईंनी त्यांच्या हिरड्यांना मध चोळला, शुद्ध आल्यावर खिमा भरवला. आम्ही टाळ्या वाजवल्या. आम्हाला तेवढंच येतं.

महिनाभर औषध आणि जेवण वेळेवर झालं. अध्यक्ष जिन्यावरून धावू लागले, वर्तकांचे मोजे पळवू लागले. पुढच्या सभेत सवलत वाढवण्याचा ठराव वाचला, तेव्हा ते ताठ बसून होते.

"अध्यक्षांचा विरोध दिसतो," वर्तक म्हणाले.

"अहो, तो बरा आहे म्हणून बसलाय. थोडी तरी लाज बाळगा."

"बरे आहेत, तर मग सवलत कशाला?"

आम्ही माना डोलावल्या. मीही, आणि मला गुंडोपंतांचा लळा होता. वर्तकांनी घड्याळ पाहिलं.

"फेरविचार करू. सभा पाच तास तहकूब. तोवर अध्यक्षांना काही देऊ नये."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. गुंडोपंत खुर्चीवरून उतरून त्यांच्या पायाशी येऊन बसले. आम्ही खुर्च्या जरा पुढे ओढल्या, म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल.