दाढ, मनगट आणि डावा हात

घड्याळजींच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं आणि डाव्या बाजूच्या दाढेत औषधाचा बोळा. दोन्ही एकाच माणसाची कृपा. दातांच्या डॉक्टरांनी त्यांची दाढ कोरली, बोळा भरला, त्यांना बाहेर सोडलं आणि पाचच मिनिटांत स्वतःची गाडी मागे घेताना दवाखान्याच्या फाटकात त्यांना पाडलं. "लागलं का हो?" डॉक्टरांनी काच खाली करून विचारलं होतं. घड्याळजींचा गाल बधिर, जीभ जड आणि स्वभाव जन्मापासून भित्रा. त्यांनी मोडक्याच हाताने 'काही नाही, काही नाही' अशी खूण केली आणि घर गाठलं.

घरी हात भोपळ्यासारखा सुजला. बायकोने हॉस्पिटलमध्ये नेलं. "कसं झालं?" तिथल्या माणसाने पेन सरसावून विचारलं. खरं सांगितलं तर पोलीस डॉक्टरांकडे जाणार, आणि दाढ तर अजून अर्धी डॉक्टरांच्याच ताब्यात. घड्याळजींच्या तोंडून निघालं, "बाथरूममध्ये घसरलो."

"बाथरूम?" वकील मेव्हण्याने तो केसपेपर वाचून कपाळावर हात मारला. "भाऊजी, कोर्ट विचारेल ना, बाथरूममध्ये गाडी शिरली कशी?"

"मग राहू दे. नकोच ती भरपाई."

"नको काय? हक्क आहे तुमचा! उपचाराचा खर्च, बुडालेलं काम, उद्या हात अधू राहिला तर त्याचंही मिळतं. आणि डॉक्टरच्या खिशातून एक पैसा जात नाही. विमा कंपनी देते."

"कंपनीचे हात माझ्या तोंडात जात नाहीत रे. त्याचे जातात!"

पण बायको गप्प बसणारी नव्हती. हाडांच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अंगठ्यात पूर्वीची पकड येईलच असं नाही. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा तो अंगठा. तोच गेला तर दुकान उघडून करायचं काय? तीन आठवडे शटर खाली होतं, आणि लोक आपापली घड्याळं मागायला घरी येऊ लागले होते.

"अहो, सही करा," ती एवढंच म्हणाली. घड्याळजी तिलाही घाबरत. त्यांनी डाव्या हाताने दातांच्या डॉक्टरांना पाठवायच्या नोटिशीच्या कागदांवर सही केली. ती सही कमी आणि चिरडलेलं झुरळ जास्त दिसत होती.

"पण गुरुवारी दाढेचं काम आहे. ते उरकल्यावरच पाठव. आधी दाढ, मग दावा."

"बरं," मेव्हणा म्हणाला.

गुरुवारी सकाळी त्याचा फोन आला. "भाऊजी, नोटीस मी मंगळवारीच टाकली. उशीर केला की केस पातळ होते."

घड्याळजींनी फोन ठेवला. जाणं टाळावं म्हटलं तर आदल्याच दिवशी दाढेतला बोळा निघाला होता आणि कळ थेट कानात जात होती. मग त्यांनी विचार केला, पोस्टमनच्या आधी पोचायचं आणि काम उरकून पळायचं. ते अर्धा तास आधी जाऊन बसले. पोस्टमन त्यांच्या मागोमाग पाच मिनिटांत आला. लिफाफ्यावरचा मेव्हण्याचा शिक्का त्यांनी लांबूनच ओळखला.

"ते... मी आत नेऊन देतो ना," ते काउंटरवरच्या बाईंना म्हणाले.

"तुम्ही कशाला? सही मी केलीय. तुम्ही आत जा, बोलावलंय."

आत डॉक्टरांनी प्लास्टर पाहिलं. "अरे, हे काय केलंत?"

"बाथरूममध्ये घसरलो."

"जपायचं हो," म्हणत डॉक्टरांनी गालात इंजेक्शन दिलं. "दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबतो." एवढ्यात बाई लिफाफा घेऊन आत आल्या. डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या फोडला. घड्याळजी खुर्चीत आडवे, तोंडात कापूस, शेजारी ट्रे. ट्रेमध्ये अकरा अवजारं होती आणि एकही बोथट नव्हतं.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे मनगट... माझ्या गाडीने?"

"आं."

"तुम्ही हात हलवलात म्हणून मी निर्धास्त घरी गेलो हो! मला तुरुंगात टाकतील का?"

"आं आं."

"नाही ना? नक्की ना? लायसन्स काढून घेतील?"

यातलं काहीच घड्याळजींना ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी कापसातून सांगता आलं नसतं. डॉक्टर स्टुलावर बसले. हात लटलट कापत होते. आपल्याइतका भित्रा माणूस या गावात दुसरा आहे हे घड्याळजींना पहिल्यांदाच कळलं, आणि त्यांना त्याची दया आली.

"मी लिहून देतो," डॉक्टर एकदम म्हणाले. "जे झालं ते झालं. माझ्याच गाडीचा धक्का, तारीख, वेळ. रजिस्टरला तुमची त्या दिवशीची नोंदही आहे." त्यांनी खरोखरच पानभर लिहिलं. केसपेपरवरचं बाथरूम पुसलं गेलं! घड्याळजींचे डोळे भरून आले. "सही-शिक्का बाहेर करू, शिक्का काउंटरवर असतो. आधी तुमचं दुखणं संपवतो."

मशीन सुरू झालं. घड्याळजींचं आयुष्य बारीक वस्तू बघण्यात गेलेलं. डोक्यावरच्या दिव्याच्या चकचकीत कडेत त्यांना आपलं तोंड स्वच्छ दिसत होतं. आणि त्यांनी पाहिलं, कापतं मशीन शेजारच्या धडधाकट दाढेवर उतरलं होतं.

डावा हात दोन बोटं वर आला. मग त्यांना ट्रेवरचा कागद दिसला. त्यावर अजून सही नव्हती. एका चुकीने पांढराफटक झालेला हा माणूस दुसरी चूक ऐकून सही करील? घड्याळजींनी डावा हात मांडीखाली घातला आणि त्यावर घट्ट बसले.

थोड्या वेळाने मशीन आपोआप थांबलं. डॉक्टर वाकून बघत राहिले. मास्कच्या वरचे डोळे मोठे झाले आणि घड्याळजींच्या डोळ्यांना भिडले. "दुखलं... नाही ना?"

घड्याळजींनी मांडीखालून हात काढला आणि 'काही नाही, काही नाही' अशी खूण केली. डॉक्टरांनी त्या दाढेतही औषधाचा बोळा भरला आणि मग ते योग्य दाढेकडे वळले. बाहेर येऊन त्यांनी सही केली, शिक्का दोनदा मारला आणि पुढच्या कामासाठी सोमवारची वेळ दिली.

संध्याकाळी मेव्हणा तो कागद डोक्यावर धरून खोलीभर नाचला. "भाऊजी, केस उभी राहिली! अंगठ्याची आता काळजी सोडा. आणि दाढेचं काय झालं? बघू, तोंड उघडा." घड्याळजींनी गाफीलपणे तोंड उघडलं. मेव्हणा नाचायचा थांबला. "हे काय? इथे दोन बोळे कसे? ही दाढ तर चांगली होती ना? ताई, वही दे! दुसरा दावा! बोला भाऊजी, कुणी केलं हे?"

घड्याळजींना सोमवारची वेळ आठवली. आता दोन्ही दाढा डॉक्टरांच्या ताब्यात होत्या.

"बाथरूममध्ये घसरलो," ते म्हणाले.