नाव घ्या, मिरची वाचवा

आमच्या अमृतला खाटेवर लोळत मिरचीकडे बघायचं होतं. सगळं तिथून सुरू झालं. (उठून परसात गेलं तर पाय झिजतात म्हणे.)

मागच्या साली अवकाळी पावसानं उघड्यावर वाळत घातलेली मिरची कुजली, म्हणून त्यानं परसातल्या पत्र्याच्या शेडात मिरची वाळवायचं यंत्र बसवलं. बरं केलं. पण यंत्राची गरमी मोबाईलवर दिसायला पाहिजे, आणि घरातलं वायफाय शेडापर्यंत पोचेना.

"आई, पत्र्यानं अडतं ते."

पत्र्याला घाबरणारं हे वारं मिरची राखणार!

मग नंदुरबारहून नेट जोडणारा अकील आला. एक पांढरा डबा आमच्या घराच्या धाब्यावर, दुसरा शेडावर, दोघांची तोंडं समोरासमोर. तरी जमेना. जरा डावीकडे, जरा उजवीकडे. (पोरगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं निरखत नाहीत.) शेवटी मोबाईलवर आकडा उमटला, तेव्हा अमृत असा मिरवला जणू मिरची त्यानंच तोडली. तोडली होती सून प्रतिभानं आणि मी.

दोन दिवसांत गल्लीतली पोरं आमच्या भिंतीला पाठ लावून फुकटचं नेट चाटू लागली. तिसऱ्या दिवशी अमृतनं सकाळीच पासवर्ड बदलला. यंत्रात प्रतिभाची मिरची भरली. एकेक निवडलेली, लालबुंद, तिच्या मसाल्याच्या पहिल्या ऑर्डरीची. रंग गेला की ऑर्डर गेली. मग ह्या शहाण्यानं शेडाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दोघं नवराबायको नंदुरबारला पिशव्या आणायला गेले. डबा घट्ट करायला परत आलेला अकील तेवढा धाब्यावर राहिला.

दुपारी माझा बटणाचा फोन वाजला.

"आई, गरमी चढतेय! मिरची करपेल! अकीलला नवा पासवर्ड सांग, बाबांचं नाव ठेवलंय, माझी बॅटरी..."

संपली. शेडापर्यंत नेट नेणाऱ्या ह्या पुरुषाला स्वतःचा फोन चार्ज करता आला नाही!

अकील धडपडत खाली आला.

"मेन बटण पाड," मी म्हटलं.

"बटण शेडात शे, आजी. कुलूप!"

"मग तोड."

"दात लावू का? पासवर्ड सांग, मी मोबाईलवरून बंद करस."

"ह्यांचं नाव आहे."

"काय नाव शे?"

आली का पंचाईत! लग्नात घेतलं होतं, तेही आत्याबाईंनी चिमटा काढला तेव्हा. त्यानंतर नाही. त्या नावासारखी एक वस्तू घरात आहे, तिलाही मी 'ते पाखडायचं' म्हणते.

"लिही दे मग!"

"लिहिता आलं असतं तर तुझ्या तोंडाला लागले असते का?"

ओट्यावर खाटेवर ते पडले होते, तोंडावर टॉवेल. अकीलनं गदागदा हलवलं. "बाबा! ओ बाबा!" घोरणं वाढलं.

"राहू दे. कानानं अधू आणि झोपेला पक्के."

शेडाकडून तिखट वास आला. मला ठसका, त्याला शिंक.

"आजी, मिरची जळी ऱ्हायनी!"

"अरे, त्यात धान्य पाखडतात."

"चाळणी?"

"चाळणीत चाळतात, मेल्या! आधीची लेकरं जगली नाहीत, की नव्याला त्यात घालून ओढतात."

"टोपलं?"

"माझ्या नवऱ्याचं नाव टोपलं? तुझ्या आजोबाचं असेल!"

तो डोकं खाजवू लागला. "सूप?"

"तेच!"

"सूप तर हॉटेलात पितात, आजी."

(शहरातली पोरं. ह्यांना पाखडायचंही प्यायला पाहिजे.) त्यानं टाकलं. डब्यानं नाकारलं.

"अर्धंच झालं. मागं शेपूट आहे."

"आता एकदा चुकलं तर डबा बंद पडेल, आजी. पुरतं सांग. सुनबाईची मिरची शे ती!"

ते खरं होतं. ती पोर मिरची निवडून डोळे चोळत झोपायची. मी पदर डोक्यावर घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हटलं,

"डब्यावर डबा, डब्यात लाडू,
सुनेच्या मिरचीसाठी नाव घेते..."

इथं असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

"...सुपडूराव!"

"राव पण टाकू?"

"राव उखाण्यापुरता रे, मुडद्या!"

त्यानं टाकलं. शेडातली यंत्राची घरघर थांबली.

किल्ली आल्यावर कळलं, वरचा एक ट्रे काळा पडला, बाकीची मिरची लाल राहिली. पण ते संध्याकाळी. त्याआधी अकील निघून गेला आणि मी ओट्यावर टेकले, तर खाटेवरचं घोरणं बंद. हे उठून बसलेले, मिशीत हसत.

"जागे होता?"

"त्यानं हलवलं तेव्हाच झालो."

"मग स्वतःचं नाव सांगायला जीभ झडली होती? सुनेची मिरची जळत होती!"

"मिरची काय, पुढच्या साली पुन्हा लागते. तुझ्या तोंडी माझं नाव कुठं लागतं?"

मी पदर पुन्हा पुढं ओढला आणि त्याआड हसले. (हे घरात कोणाला सांगू नका.) तेवढ्यात त्यांनी कानामागं हात धरला.

"पण ऐन वेळेला तू खोकलीस बघ. नीट ऐकू नाही आलं. घे परत एकदा."